वाफा खणूनही गवत का जात नाही?

लॉनला लागून असलेले फुलांचे आणि भाज्यांचे वाफे तुम्ही वर्षातून दोनदा कुदळीने खणता, हाताला लागेल तेवढे गवत वेचून काढता, आणि दीड-दोन महिन्यांत वाफा पुन्हा होता तसा. एका वाफ्यात तण रोखणारे काळे कापड अंथरून वर खडी पसरली, तर आता गवत त्या कापडातूनच वर आले आहे. मग तणनाशक मारावे का, आणि उपटलेले गवत कंपोस्टात टाकले तर चालते का, असे तुम्ही विचारले आहे.

कष्टात तुम्ही कुठे कमी पडलेले नाही. पण त्यातले निम्मे कष्ट गवताच्याच पथ्यावर पडताहेत, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. म्हणून गवत कसे काढायचे यापेक्षा काढलेले गवत परत येते कुठून, तिथून सुरुवात करते. ते कळले की काढायचे कसे हे बरेचसे आपोआप ठरते.

वाफ्यात तण तीन वाटांनी येते. एक, मातीत आधीच पडून असलेले बी. दोन, कडेच्या लॉनमधून आत सरकणारी हराळी किंवा तिच्यासारखे दुसरे पसरणारे गवत. तीन, जमिनीखाली गाठी धरून बसलेला लव्हाळा. कुदळीने सगळा वाफा उलथापालथा केला की खालचे बी वर येते, हराळीचे तुकडे होऊन तुकड्यागणिक नवे रोप तयार होते, आणि लव्हाळ्याच्या निजलेल्या गाठी जाग्या होतात. तिघांचीही सोय एकाच कामात.

तुमच्याकडे यातले कोणते किती आहे हे मला इथून दिसत नाही, आणि पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. तेव्हा आधी एवढे करा. वाफ्याला पाणी द्या, एक-दोन दिवस जाऊ द्या, आणि माती वाफशावर आली (ओलसर, पण चिखल नाही अशी झाली) की तीन-चार ठिकाणचे गवत खुरप्याने खालून सैल करून सावकाश मुळासकट वर काढा. खाली पांढरे, पेरेदार, टोकदार कोंबाचे खोड आडवे लांबवर गेलेले दिसले तर ती हराळी. फुलाचा दांडा बोटांत फिरवून पाहिल्यावर तीनधारी लागला आणि खाली काळपट गाठ असली तर लव्हाळा. (गाठ पुष्कळदा तुटून मातीतच राहते, त्यामुळे दांड्यावरून ओळखणे जास्त खात्रीचे.) यातले काहीच नसून मुळांचा साधा झुबका असलेली सुटी रोपे असतील तर ती बियांपासून आलेली.

बियांचे आधी उरकते, कारण तिथे काम सगळ्यांत सोपे आहे. बहुतेक तणांचे बी इतके बारीक असते की ते वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीत असले तरच त्याचा कोंब उजेडापर्यंत पोचतो. त्याहून खोल गेलेले बी तसेच पडून राहते, आणि काही जातींचे बी थक्क व्हावे इतके दिवस जिवंत राहते. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वाळूत मिसळलेले तणांचे बी वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरले होते. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि बी पेरून पाहायचे, अशी योजना. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतले व्हर्बॅस्कम नावाच्या तणाचे बी १४२ वर्षांनंतरही उगवले. सगळ्याच तणांचे बी असे टिकत नाही. बरेचसे काही वर्षांत कुजते किंवा किड्यामुंग्यांच्या पोटात जाते, मात्र दरम्यान नवे बी पडता कामा नये आणि खालचे वर यायला नको. शिवाय पुष्कळ बारीक बियांना उगवायला उजेडाचा एक झोत पुरतो, आणि खणताना त्यांना नेमका तोच मिळतो.

म्हणून पेरणीआधी मी वाफ्याला चकवते. माती भुसभुशीत करून, खत मिसळून वाफा अगदी पेरणीसाठी करतो तसा सपाट करायचा, पाणी द्यायचे, आणि काहीही न पेरता दहा-बारा दिवस थांबायचे. वरच्या थरातले तण उगवून येते. ते दोन पानांचे असतानाच खुरपे जवळजवळ आडवे धरून वरची दोन सेंटिमीटर माती तासायची, त्याहून खोल अजिबात जायचे नाही. मग पेरायचे, आणि पेरताना फक्त ओळीपुरतीच माती हलवायची. वेळ असेल तर हे दोनदा करावे. गाजरासारखे जे बी उगवायला उशीर लावते आणि ज्याची रोपे सुरुवातीला नाजूक असतात, त्याच्यासाठी हा खोळंबा हमखास वसूल होतो. पुढेही खुरपणी अशीच उथळ ठेवा. माती वरून कोरडी आणि ऊन कडक अशा दिवशी सकाळी खुरपले की कापलेले तण दुपारपर्यंत सुकून जाते. मुळासकट उपटायचे असेल तेव्हा उलट ओलावा हवा.

फुलावर आलेले तण कधीही मागे ठेवू नका, बाकी काम राहिले तरी चालेल. गाजर गवताचे एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकू शकते. त्याला हात लावताना हातमोजे घालाच, अनेकांच्या त्वचेला त्याने ॲलर्जी येते. घोळ उपटून तिथेच टाकली तर तिच्या रसदार देठांना पुन्हा मुळे फुटतात, म्हणून ती वाफ्याबाहेर न्यायची. केना याहून बेरकी. त्याला जमिनीखालीसुद्धा फुले येतात आणि तिथेच बी धरते, तेव्हा वरची निळी फुले दिसण्याआधीच तो मुळासकट निघायला हवा. आंबुशीच्या शेंगा पिकल्या की हात लागताच फुटून बी दूर उडवतात, त्यामुळे तीही शेंगा धरायच्या आत काढलेली बरी.

आता कड. तुमच्या वर्णनात वाफे थेट लॉनला लागून आहेत, मध्ये काही नाही, हे वाचल्यावरच मला वाटले की निम्मे दुखणे इथे असणार. लॉनमधली हराळी जमिनीवरून आणि जमिनीखालून अशी दोन्हीकडून सरकते आणि तिच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटू शकते. तुम्ही वाफा कितीही स्वच्छ केलात तरी मोकळी, खत घातलेली, रोज पाणी मिळणारी माती शेजारी दिसल्यावर ती येणारच. म्हणून वाफ्यात हात घालण्याआधी कड बंद करा. हा क्रम उलटा झाला की श्रम वाया जातात.

माझी आवडती कड म्हणजे नुसता चर. लॉनच्या बाजूला फावडे सरळ उभे घालून पंधरा सेंटिमीटर खोल काप घ्यायचा आणि वाफ्याच्या बाजूने माती तिरपी उतरवायची. लॉनकडची भिंत उभी, वाफ्याकडचा उतार. हराळीचे खोड सरकत या उघड्या भिंतीशी आले की हवेत बाहेर येते आणि दिसते. गवत जोमात असताना दर दोन-तीन आठवड्यांनी चरावरून चालत जायचे आणि जे लोंबताना दिसेल ते कापायचे. याला पैसा लागत नाही, पण चर मातीने भरत जातो, तो वर्षातून दोन-तीनदा पुन्हा धारदार करावा लागतो. हे होणार नसेल तर चर नको.

मग पत्रा किंवा जाड प्लॅस्टिकची अखंड पट्टी पुरायची, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल. लोक ती जमिनीच्या पातळीला ठेवतात, कारण तशी दिसायला छान दिसते, आणि हराळी वरून आरामात पलीकडे जाते. पट्टीची वरची कड जमिनीच्या निदान तीन-चार सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. पट्ट्यांचे जोड एकमेकांवर चढवून घ्या. नुसत्या विटा ओळीने लावल्या तर त्या गवताला अडवत नाहीत, दोन विटांमधली फट त्याला पुरते. उलट विटेखाली शिरलेले गवत काढायला वीटच उचलावी लागते. आणि लॉन कापताना कडेचे पहिले दोन फेरे असे घ्या की यंत्रातून उडणारे गवत लॉनवर पडेल, वाफ्यात जाणार नाही. त्यात बी असते, आणि हराळीचे जिवंत तुकडेही.

कड बंद झाल्यावर आतली हराळी. इथे कुदळ ठेवून द्या आणि बागेचा काटा (लांब दात्यांचे, फावड्यासारखे अवजार) घ्या. कुदळ कापते, काटा सैल करतो. वाफशावर काटा घालून माती उचलायची, खोड हाताने धरून ते जाईल तिकडे मागे मागे जायचे आणि जमेल तितके अखंड बाहेर काढायचे. तुकडे राहणारच, पण त्यांच्यात अन्न थोडे असते. पुढचे काही महिने दर आठवड्याला नजर टाकून कोंब दिसला की खालून ओढून काढला तर ते थकतात. हराळीला सावली सोसत नाही, हेही आपल्या उपयोगाचे. जो वाफा एक हंगाम रिकामा ठेवता येईल तो जाड पुठ्ठ्याने आणि वर पालापाचोळ्याने पूर्ण झाकून ठेवा. जुन्या फुलझाडाच्या मुळांतच हराळी गुंतली असेल तर वरून ओढत बसू नका. झाडाच्या विश्रांतीच्या काळात ते मुळासकट उचला, मुळे पाण्यात धुवा, गवताचा प्रत्येक धागा सोडवा आणि मग पुन्हा लावा. कटकट आहे, पण याला दुसरा मार्ग मला माहीत नाही.

लव्हाळ्याला वेगळा न्याय. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेतल्या मण्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, बहुतेक वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये, काही त्याहूनही खाली. माळ अखंड असते तोवर टोकाची उगवलेली गाठ मागच्यांना दबवून ठेवते. कुदळीने माळ तुटली की हा दाब जातो आणि मागची प्रत्येक गाठ स्वतंत्र उगवू लागते. खणल्यावर लव्हाळा दाट का होतो याचे कारण हे. पात वर आल्यावर काही आठवड्यांतच ते झाड खाली नव्या गाठी बनवायला लागते. त्यामुळे नियम साधा: पाच-सहा पाने व्हायच्या आत काढायचे, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी चुकवायचे नाही. प्रत्येक वेळी पुन्हा उगवताना गाठीतला साठा खर्च होतो. एका हंगामात संपणार नाही. दुसऱ्या हंगामात विरळ झालेला दिसेल, पण मध्ये एक महिना सोडलात तर पुन्हा पहिल्यापासून. दाट, रुंद पानांची पिके लावून जमीन सावलीत ठेवली तर मदत होते, कारण हराळीसारखाच लव्हाळाही सावलीत खंगतो.

खणायला माझा सरसकट विरोध नाही. वाफा रिकामा आहे, ऊन कडक आहे, पाऊस नाही आणि तुम्ही पाणी देणार नाही, अशा काळात खोल खणून गाठी आणि हराळीची खोडे वर आणणे फार गुणकारी ठरते, कारण वाळलेली गाठ मरते. आठ-दहा दिवसांनी माती परत उलटायची, म्हणजे खालच्याही वर येतात. तेच काम ओल्या मातीत किंवा पावसाच्या तोंडावर केले की लागवड केल्यासारखे होते. तुम्ही वर्षातून दोनदा खणता ते नेमके कोणत्या हवेत, हे तपासून पाहा.

लव्हाळा वाफ्यात येतो कुठून, हेही बघा. पुष्कळदा रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीच्या मातीतून. नवे रोप लावण्याआधी कुंडीतली वरची दोन सेंटिमीटर माती खरवडून टाका आणि मातीचा गड्डा सगळीकडून पाहा. गाठ दिसली तर ते रोप आधी स्वच्छ करा, मगच लावा.

म्हणजे आतापर्यंतचा क्रम असा: ओळख, मग कड, मग आतली हराळी किंवा लव्हाळा, आणि त्यानंतर माती शक्यतो न उलटणे. यानंतर आच्छादन. आधी नाही, कारण जिवंत हराळीवर घातलेले पातळ आच्छादन तिला ओलावा पुरवते आणि ती खालून मजेत पसरते.

आच्छादनाची जाडी पाच ते आठ सेंटिमीटर हवी. दोन सेंटिमीटरचा थर डोळ्यांना बरा दिसतो, तण मात्र थांबत नाही. वाळका पाला, धान्याचा पेंढा, लाकडाचा भुगा किंवा तुकडे, जे सहज मिळेल ते वापरा. पेंढ्यात दाणे राहिलेले नाहीत ना हे पाहून घ्या, नाहीतर तेच उगवतात. लॉनचे कापलेले ओले गवत एकदम जाड टाकले तर त्याचा चिकट, घाण वास मारणारा थर होतो, म्हणून ते एक-दोन सेंटिमीटरच टाकायचे, वाळले की पुढचे. लाकडाचे तुकडे जमिनीतला नत्र खातात असे म्हणतात. ते मातीत मिसळले तर खरे आहे. नुसते वर पसरले तर झाडांना त्रास होत नाही. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. आणि बारीक बी पेरलेल्या ओळीवर आच्छादन नको. रोपे वीतभर झाल्यावर ते जवळ सरकवा. नव्या वाफ्यात आच्छादनाखाली पुठ्ठा घालायचा असेल तर चिकटपट्ट्या काढा, तुकडे एकमेकांवर निदान पंधरा सेंटिमीटर चढवा आणि भिजवून घ्या. फटीतूनच गवत डोके वर काढते.

ठिबक असेल तर उत्तम. झाडाच्या बुडाशीच पाणी पडले की मधली कोरडी जागा तणाला फारशी उपयोगाची राहत नाही.

तुमच्या कापडाचे काय झाले असेल ते सांगते. कापडावर खडी, खडीत धूळ आणि पाला साचतो, दोन-तीन वर्षांत त्याची माती होते, त्यात वरून उडून आलेले बी रुजते आणि त्याची मुळे कापडाच्या विणीत शिरतात. खालून लव्हाळ्याचा टोकदार कोंब तर पातळ काळे प्लॅस्टिकसुद्धा भोसकून वर येतो. आता ते गवत ओढले की कापड फाटते आणि सोडले की वाढते. पायवाटेखाली, जिथे कधीच काही लावायचे नाही, तिथे असे कापड ठीक आहे. लावत्या वाफ्यात मी ते घालत नाही. तुम्ही खडी बाजूला करून ते काढून टाका, एका दिवसाचे काम आहे, आणि ओल्या जमिनीत करा म्हणजे गवत कापडासोबत निघेल.

तापलेल्या उन्हाचा काळ हाताशी असेल तर रिकाम्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घालूनही बी मारता येते. माती सपाट करून चांगली भिजवायची, पातळ पारदर्शक कागद मातीला चिकटून ताणायचा, चारही कडा मातीत पुरायच्या आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवायचे. वरच्या थरातले बरेच बी त्या उष्णतेने मरते. खोलवरच्या हराळीवर आणि लव्हाळ्याच्या गाठींवर मात्र फार भिस्त ठेवू नका. ढगाळ, थंड हवेत हा खटाटोप फुकट.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. ग्लायफोसेटसारखे औषध हिरव्या पानातून मुळापर्यंत जाते, म्हणून हराळीवर ते चालते. पण ते हराळी आणि तुमची फुलझाडे यांत भेद करत नाही, वाऱ्यावर उडालेला तुषारही पुरतो. मातीतल्या बियांवर त्याचा काही परिणाम नाही आणि लव्हाळ्याच्या ज्या गाठींना अजून पात फुटलेली नाही त्या वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तसे मानलेले नाही. कड उघडी असताना मारलेले औषध काही महिन्यांपुरतेच, म्हणून तुमच्या बाबतीत मी आत्ता ते सुचवणार नाही. व्हिनेगर फक्त वरची पाने जाळते. मीठ तर मुळीच नको, त्याने माती नासते.

राहिला कंपोस्टचा प्रश्न. फुले-बी न धरलेले साधे तण खुशाल टाका. बी धरलेले तण मरायला ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन काही दिवस टिकावे लागते, आणि सगळा ढीग उलटून बाहेरचे आत घालावे लागते. घरगुती लहान ढीग सहसा तितका तापत नाही. हराळीची खोडे पत्र्यावर किंवा फरशीवर उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, वाकवल्यावर काडकन मोडली की मग ढिगात चालतील. लव्हाळ्याच्या गाठी मी वाळवूनही कंपोस्टात घालत नाही. त्या सरळ बागेबाहेर जातात.

बाहेरून आणलेल्या खताकडेही असेच संशयाने पाहा. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तणाचे बी वाफ्यात येते, कारण जनावराच्या पोटातून गेलेले सगळेच बी मरत नाही. नवे खत पसरण्याआधी त्यातले थोडे एका ट्रेमध्ये घेऊन ओले ठेवा आणि दोन आठवडे काय उगवते ते बघा. त्यातच चार घेवड्याचे दाणे टोचा. जनावरांनी खाल्लेल्या चाऱ्यावर काही विशिष्ट तणनाशके मारलेली असतील तर त्यांचा अंश शेणातूनही उरतो, आणि घेवड्याची नवी पाने वाटीसारखी वळून, पिळवटून आली की तो कळतो. तसे झाले तर ते खत टोमॅटो-घेवड्याच्या वाफ्यात घालू नका, लॉनवर पसरा, आणि त्या लॉनचे कापलेले गवत पुन्हा वाफ्यात आच्छादन म्हणून आणू नका.